हवाई कसरतींसाठी स्वस्तातलं मायक्रो आरसी विमान कसं निवडावं

खोक्यावर ‘स्टंट’ किंवा ‘थ्रीडी’ छापलंय म्हणून मायक्रो आरसी विमान, म्हणजे रेडिओवर चालवायचं चिमुकलं विमान, घेऊ नका. स्वस्त विमानांच्या बाबतीत या शब्दांना ठरलेला असा अर्थच नाही. बटण दाबलं की आपोआप कोलांटी मारणारं विमानही त्यात बसतं आणि नाक वर करून प्रॉपेलरवर लटकून राहणारंही. पहिल्यात कसरत विमानातली चिप करते, दुसऱ्यात तुमचे अंगठे. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या विमानासाठी आहे. पंखाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी साधारण 30 ते 50 सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आत आणि खिशाला परवडेल असं विमान, ज्यावर लूप (हवेत उभा गोल फेरा), रोल (पुढे जाताना कुशीवरून पूर्ण कोलांटी), उलटं उड्डाण आणि पुढे जमलं तर हॉवरही (प्रॉपेलरवर लटकून राहणं) शिकता येईल.

माझं मत आधीच सांगतो. कमी पैशांत कसरती शिकायच्या असतील तर देखण्या लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीपेक्षा सपाट फोमचं, हलकं, मोठ्या एलेरॉनचं (पंखाच्या मागच्या कडेचे, विमान कुशीला कलवणारे हलते भाग) साधं विमान जास्त शिकवतं. ते का, हे पुढच्या तपासणीत कळेलच. ही तपासणी ज्या क्रमाने दिली आहे त्याच क्रमाने करा. पहिल्या दोन पायऱ्यांतच बरीचशी विमानं यादीतून गळतात.

आधी कसरत ठरवा, मग विमान

‘एरोबॅटिक्स’ म्हणजे एकच गोष्ट नव्हे. लूपला मुख्यतः वेग आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटाचा आडवा हलता भाग) लागतो, त्यामुळे बऱ्यापैकी मोटर असलेलं कुठलंही विमान लूप मारतं. रोलसाठी एलेरॉन हवेत. स्टॉल टर्नमध्ये विमान सरळ वर जातं, वेग संपत आला की रडरवर (शेपटाचा उभा हलता भाग) कुशीला वळतं आणि आलं त्याच वाटेने खाली येतं. रडर नसेल तर ही कसरत होतच नाही. नाइफ-एजमध्ये पंख उभे असतात आणि विमानाला धडाची बाजू तोलून धरते. म्हणून धड उंच आणि रडर मोठा लागतो. हॉवर, टॉर्क रोल (हॉवर करताना स्वतःभोवती फिरणं) आणि हॅरियर (नाक उंच ठेवून संथपणे पुढे जाणं) या खऱ्या थ्रीडी कसरती. त्यांत मोटरची ओढ विमानाच्या वजनाहून जास्त हवी आणि शेपटाचे हलते भाग प्रॉपेलरच्या झोतात हवेत.

उडवायची जागाही याच वेळी ठरवा. बंद सभागृहात उडवायचं असेल तर वजन हेच सर्वस्व. एफएआयच्या (हवाई खेळांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) एफ3पी या इनडोअर कसरतींच्या स्पर्धा-वर्गातली विमानं वर्षानुवर्षं हलकी होत गेली ती याचसाठी, आणि सपाट फोमच्या स्वस्त विमानांची घडणही बरीचशी त्याच घराण्यातली आहे. मोकळ्या मैदानावर मात्र फार हलकं विमान वाऱ्याबरोबर वाहत जातं. एवढ्या लहान विमानाला सेकंदाला तीन-चार मीटरचा वाराही जड जातो. त्यामुळे मैदानावर पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास, हवा पडलेली असताना उडवण्याची तयारी ठेवा.

चॅनेल मोजा, पण हलणारे भाग डोळ्यांनी पाहा

किमान चार चॅनेल, म्हणजे रेडिओवरून वेगवेगळी चालवता येणारी चार नियंत्रणं, हवीत: थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर, रडर आणि एलेरॉन. तीन चॅनेलच्या विमानांत बहुधा एलेरॉन नसतात. पंख वर वळवलेले असतात आणि विमान रडरवरच कलतं. शिकाऊ विमान म्हणून ते उत्तम, पण त्या वळवलेल्या पंखांमुळे ते सतत स्वतःला सरळ करतं, म्हणून स्वच्छ रोल होत नाही आणि उलटं तर ते टिकतच नाही.

जाहिरातीत चॅनेलचा आकडा असतो, पण कुठला भाग खरोखर हलतो ते फोटोत बघावं लागतं. मागच्या कडेला नुसती रेघ कोरलेली आहे की तिथे खरी बिजागरी आहे? सर्व्होपासून (हलता भाग वळवणारी छोटी मोटर) त्या भागापर्यंत तार गेली आहे का? एलेरॉन पंखाच्या टोकाला चिकटलेला छोटा तुकडा आहे की पंखाच्या जवळजवळ पूर्ण लांबीचा? साध्या लूप-रोलसाठी एलेरॉनची रुंदी पंखाच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याएवढी असली तरी चालते. थ्रीडीसाठी एलिव्हेटर आणि रडर हे शेपटाच्या निम्मे किंवा त्याहूनही मोठे लागतात.

विमान समोरून बघितल्यावर पंख सरळ रेषेत आणि धडाच्या मधोमध असावेत. पंखाचा छेद वर-खाली सारखाच फुगीर असेल, किंवा पंख सरळ सपाट असेल, तर उलटं उडताना विमान जवळजवळ तसंच वागतं. वर फुगीर आणि खाली चपटा पंख उलटा केला की नाक खाली ओढतो आणि एलिव्हेटर सतत पुढे दाबून धरावा लागतो.

वजन आणि पंखाचं क्षेत्रफळ: सगळ्यात महत्त्वाचा हिशेब

या पायरीला घाई करू नका. दुकानदार वजन सांगतो, पंखाची लांबी सांगतो, पण दोन्हींचा संबंध सांगत नाही. तो तुम्हीच काढायचा. पंखाची लांबी गुणिले सरासरी रुंदी म्हणजे क्षेत्रफळ. बॅटरीसकट वजनाला या क्षेत्रफळाने भागलं की पंखावरचा भार मिळतो. मायक्रो विमानांसाठी तो ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटरमध्ये काढणं सोयीचं. एक चौरस डेसिमीटर म्हणजे 100 चौरस सेंटिमीटर.

उदाहरण घेऊ. एका लढाऊ प्रतिकृतीचा पंख 40 सेंटिमीटर लांब, सरासरी 7.5 सेंटिमीटर रुंद. क्षेत्रफळ 300 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 3 चौरस डेसिमीटर. वजन 66 ग्रॅम धरलं तर भार 22. दुसरं विमान सपाट फोमचं, पंख 43 सेंटिमीटर लांब आणि सरासरी 12 सेंटिमीटर रुंद. क्षेत्रफळ सुमारे 5.2, वजन 60 ग्रॅम, भार साडेअकराच्या आसपास. लांबी आणि वजन जवळजवळ सारखं असूनही भार निम्मा!

हवेत त्याचा परिणाम काय? हवेत टिकून राहायला लागणारा किमान वेग भाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे पहिल्या विमानाला दुसऱ्याहून साधारण 35 ते 40 टक्के जास्त वेगाने उडावं लागतं. ढोबळमानाने दुसरं सेकंदाला पाच मीटरच्या आसपास तरंगत राहील, तर पहिलं साडेसहा-सातच्या खाली आलं की एक पंख टाकून खाली कोसळेल. लूपची किमान त्रिज्या तर थेट भाराच्या प्रमाणात बदलते, म्हणजे पहिल्याचा लहानात लहान लूप दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट मोठा. विचार करायला मिळणारा वेळ, लागणारी जागा आणि आदळण्याचा जोर, तिन्ही याच एका आकड्यावर ठरतात.

माझ्या मते कसरती शिकताना भार 12 च्या खाली असावा. 15 ते 22 मधली विमानं वेगवान असतात. ती मोठ्या, वाहत्या लूप-रोलसाठी छान, पण चूक झाली तर सुधारायला फार कमी अवधी देतात. क्षेत्रफळ दिलेलं नसेल तर वरून काढलेल्या फोटोवर पट्टी ठेवा. दिलेल्या लांबीवरून प्रमाण काढलं की रुंदीचा पुरेसा अंदाज येतो.

ओढ किती?

लूप-रोलसाठी मोटरची ओढ वजनाच्या साठ-सत्तर टक्के असली तरी भागतं. सरळ वर चढायला ती वजनाहून जास्त हवी, आणि हॉवरमध्ये खाली घसरलेलं विमान पुन्हा उचलायचं तर वजनाच्या किमान सव्वा ते दीडपट.

हे घरी मोजता येतं. विमान शेपटीवर उभं करून एका जड बाटलीला चिकटपट्टीने बांधा, बाटली डिजिटल वजनकाट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. पूर्ण थ्रॉटल दिला की काटा उणे आकडा दाखवेल. तीच ग्रॅममधली ओढ. प्रॉपेलरचा झोत काट्यावर आदळत असल्यामुळे आकडा थोडा कमी दिसतो, म्हणून बाटली उंच घ्या. चेहरा आणि बोटं प्रॉपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कधीही आणू नका. प्रॉपेलर छोटा असला तरी डोळ्याला इजा करायला पुरेसा असतो.

विकत घेण्याआधी हे शक्य नसेल तर मोटरचा प्रकार बघा. अगदी स्वस्त विमानांत ब्रश असलेली कोअरलेस मोटर असते, बहुधा 8 मिलिमीटरच्या आसपास व्यासाची, आणि ती दातेरी चाकांतून प्रॉपेलर फिरवते. वजन आणि किंमत कमी, पण ब्रश झिजतात. काही तासांच्या उड्डाणानंतर ओढ हळूहळू घटते, आणि पूर्ण थ्रॉटलवरच्या कसरतींत हे लवकर होतं. विमान अजून उडतंय, पण वर चढताना धापा टाकतंय असं वाटू लागलं तर पहिला संशय मोटरवर घ्या. ब्रशलेस मोटर असेल तर थोडे जास्त पैसे जरूर मोजावेत. माझ्या दृष्टीने या वर्गात जास्तीच्या पैशांचं सगळ्यात चांगलं चीज तिथेच होतं.

जायरो बाजूला होतो का?

आजकाल जवळजवळ प्रत्येक मायक्रो विमानात जायरो (विमानाची हालचाल ओळखून हलते भाग आपोआप वळवणारी चिप) असतो आणि असावाच, एवढ्या हलक्या विमानाला वाऱ्याचा प्रत्येक झटका जाणवतो. प्रश्न जायरो कुठल्या पद्धतीने काम करतो हा आहे. एका पद्धतीत तो विमानाला सपाट करतो, स्टिक सोडली की पंख आडवे. दुसरीत तो फक्त अनपेक्षित हालचालीला विरोध करतो आणि विमान ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत राहू देतो. कसरतींना दुसरी पद्धत हवी, किंवा जायरो पूर्ण बंद करायची सोय. बऱ्याच विमानांत सपाट करणाऱ्या पद्धतीला ‘सिक्सजी’ आणि मोकळ्या पद्धतीला ‘थ्रीडी’ म्हणतात. तिथे थ्रीडीचा अर्थ एवढाच.

पुस्तिकेवर विश्वास ठेवण्यापेक्षा हातात तपासा. प्रॉपेलर काढा, बॅटरी जोडून विमान सपाट जागेवर स्थिर ठेवा म्हणजे जायरो नीट सुरू होईल, मग सगळ्यात मोकळा मोड लावा. विमान हातात घेऊन झटकन उजवीकडे कलतं करा आणि तसंच धरून एलेरॉनकडे बघा. उजवा एलेरॉन खाली, डावा वर गेला पाहिजे, कारण जायरो उजवा पंख उचलायचा प्रयत्न करतोय. आता हात स्थिर. एलेरॉन लगेच मधे परत आले तर कसरतींना हवा तोच जायरो आहे. तसेच वळलेले राहिले तर हा मोडही विमानाला सपाट करू बघतोय, आणि उलटं उड्डाण म्हणजे त्याच्याशी झगडा होईल. अजिबात हललेच नाहीत तर जायरो बंद आहे. आणि उजवा एलेरॉन खालीऐवजी वर गेला तर उडवूच नका, जायरो उलट्या दिशेने काम करतोय.

व्होलांटेक्सची 40 सेंटिमीटर पंखांची पी-51डीसारखी लढाऊ विमानं या वर्गात लोकप्रिय आहेत. त्यांत नवशिका, मधला आणि तरबेज असे तीन मोड आणि बटणावर होणारी कसरत असते. पहिलं चार चॅनेलचं विमान म्हणून ती चांगली. पण कसरत हाच मुख्य हेतू असेल तर बटणाच्या सोयीचे पैसे वाया जातात. एक्सके ए430 सारखं ब्रशलेस मोटरचं आणि कसरतींसाठीच घडवलेलं विमान, किंवा ई-फ्लाइटच्या यूएमएक्स मालिकेतलं कसरतींचं जुनं विमान वापरलेलं मिळालं तर, या हेतूला जास्त जवळचं.

ट्रान्समीटर: इथे फार जण फसतात

विमान तीन प्रकारे मिळतं. आरटीएफमध्ये ट्रान्समीटर (हातातला रेडिओ), बॅटरी, चार्जर सगळं असतं. बीएनएफमध्ये रिसीव्हर (रेडिओचे आदेश घेणारा विमानातला भाग) असतो, ट्रान्समीटर तुमचा. पीएनपीमध्ये रिसीव्हरही तुम्हीच आणायचा.

आरटीएफ स्वस्त वाटतं, पण सोबतचा ट्रान्समीटर बहुतेक वेळा खेळण्यातला असतो: स्टिक आखूड, एक्स्पोनेन्शियल (एक्स्पो, म्हणजे स्टिक मध्याजवळ असताना हालचाल सौम्य करणारी सोय) नाही, हालचालीची मर्यादा दोनच टप्प्यांत. सूक्ष्म हालचाल अंगठ्यात येतच नाही आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. म्हणून घेण्याआधी रिसीव्हरचा प्रोटोकॉल (रेडिओ आणि विमान ज्या भाषेत बोलतात ती) विचारा. एक्सके ए430 फुताबाच्या एसएफएचएसएसशी जुळतं, यूएमएक्स विमानं स्पेक्ट्रमच्या डीएसएमएक्सवर चालतात. फोर-इन-वन मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल असलेला रेडिओमास्टर किंवा जम्परचा रेडिओ असेल तर हे प्रोटोकॉल आणि खेळण्यांतलेही कितीतरी एकाच रेडिओवर चालतात. मात्र त्याच कंपन्यांचे फक्त ईएलआरएस या वेगळ्या प्रोटोकॉलचे रेडिओही मिळतात आणि त्यांवर ही विमानं बाइंड होत नाहीत, म्हणजे जोडली जात नाहीत. मॉड्यूल कुठलं आहे ते खोक्यावर नीट वाचा.

असा रेडिओ विमानाहून महाग पडू शकतो. तरी पैशांची वाटणी करायची असेल तर रेडिओवर जास्त आणि विमानावर कमी, असंच मी सांगेन. विमान मोडेल, बदलेल, रेडिओ पुढच्या प्रत्येक विमानाला पुरेल. शिवाय तोच यूएसबीने संगणकाला जोडून सिम्युलेटरवर सराव करता येतो, आणि उलट्या उड्डाणात एलिव्हेटर पुढे ढकलायची सवय तिथे फुकटात लागते.

फोम, सर्व्हो आणि सुटे भाग

ईपीपी फोम वाकतो आणि परत सरळ होतो, म्हणून कसरतींना तोच पहिला. तो मऊ असल्यामुळे पंखात कार्बनच्या काड्या आहेत ना, एवढं बघा. नसतील तर पूर्ण एलेरॉन दिल्यावर पंखच पिळतो आणि रोल बेंगरूळ होतो. ईपीओ फोम या बाबतीत मधला. ईपीएस आणि डेप्रॉन हलके, पण ठिसूळ, नाकावर आपटले की तुकडाच पडतो. ईपीएसला साधं सुपरग्लू लावलं तर फोम वितळतो, त्यासाठी फोम-सेफ गोंद घ्या.

सर्व्हो दोन तऱ्हांचे दिसतील. काही विमानांत रिसीव्हर, मोटरचं नियंत्रण आणि दोन सरकते सर्व्हो एकाच पाटीवर (सर्किट बोर्डवर) असतात. वजन वाचतं, पण एक सर्व्हो गेला की सगळी पाटी बदलावी लागते. सुटे दोन-दोन ग्रॅमचे सर्व्हो असतील तर दुरुस्ती सोपी. सरकत्या सर्व्होच्या पट्टीवर धूळ बसली की एलिव्हेटर थरथरतो. घेताना स्टिक अगदी हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या आणि हलणारा भाग कुठे अडखळतोय का ते बघा.

पैसे देण्याआधी शेवटची चौकशी सुट्या भागांची: प्रॉपेलर, प्रॉपेलरचा दांडा, मोटर, पाटी. हे चार वेगळे मिळत नसतील तर विमान कितीही स्वस्त असो, घेऊ नका. नाकावर पडलं की पहिला दांडाच वाकतो.

वापरलेलं विमान घेताना थ्रॉटल अगदी कमी देऊन प्रॉपेलरचं मधलं टोक बाजूने बघा. ते गोल-गोल डोलत असेल तर दांडा वाकलेला आहे. फुगलेली बॅटरी फुकट मिळाली तरी नाकारा.

बॅटरीचा हिशेब

एका सेलच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा नाममात्र विद्युतदाब 3.7 व्होल्ट, पूर्ण भरलेली 4.2. तिचे 80 टक्केच वापरायचे. 400 एमएएचमधले 320 आणि कसरतींत सरासरी 4 अँपिअर खर्च धरला तर पाच मिनिटांपेक्षा थोडं कमी उड्डाण. एवढ्यावर टायमर लावा. वेळ वाढवायला मोठी बॅटरी टाकली तर पंखावरचा भार वाढतो आणि विमान बिघडतं. त्यापेक्षा लहान बॅटऱ्या जास्त घ्या. कनेक्टरही बघा. बारीक पिनांचे कनेक्टर चार-पाच अँपिअरला गरम होतात, आणि पूर्ण थ्रॉटलची खरी गरज असते तेव्हाच विद्युतदाब घसरतो. 400 एमएएचची बॅटरी 0.4 अँपिअरने, नजरेसमोर, न पेटणाऱ्या पृष्ठभागावर चार्ज करा. काही दिवस उडवणार नसाल तर 3.8 व्होल्टच्या आसपास आणून ठेवा.

आणल्यावर: जुळणी आणि पहिली कसरत

अनेक देशांत 250 ग्रॅमखालच्या विमानांना नियम सैल आहेत, पण विमानतळाचा परिसर आणि माणसांच्या डोक्यावरून उडवणं यांचे नियम त्यांनाही लागू असू शकतात. आपल्या देशाचे नियम आधी वाचा.

गुरुत्वमध्य पुस्तिकेत दिला असेल तिथे ठेवा. दिला नसेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून सरासरी रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर. विमान दोन बोटांवर तोलून बॅटरी पुढे-मागे सरकवली की ते जमतं. नवं विमान अनेकदा मुद्दाम कमी हालचालीवर जुळवलेलं असतं. तार हॉर्नच्या (हलत्या भागावरच्या भोकांच्या पट्टीच्या) बाहेरच्या भोकातून काढून बिजागरीजवळच्या भोकात घातली की तोच सर्व्हो त्या भागाला जास्त वळवतो. एकदम दोन भोकं जवळ आणू नका. रेडिओवर 30 टक्क्यांच्या आसपास एक्स्पो ठेवून सुरुवात करा.

पहिलं उड्डाण फक्त ट्रिमसाठी, म्हणजे स्टिक सोडली तरी विमान सरळ उडेल अशा जुळवणीसाठी. मग पुरेशा उंचीवर लूप: सरळ वेग घ्या, एलिव्हेटर हळू ओढा आणि माथ्यावर आल्यावर थ्रॉटल कमी करा. रोलच्या आधी नाक थोडं वर घ्या, एलिव्हेटर सोडा, मग पूर्ण एलेरॉन द्या. विमान उलटं होताना एलिव्हेटर किंचित पुढे ढकलला तर रोल सरळ रेषेत राहतो, नाहीतर तो खाली घसरत जातो. स्टॉल टर्नमध्ये वेग पूर्ण संपायच्या जरा आधीच रडर द्यायचा असतो. एवढ्या हलक्या विमानात वेग फार पटकन संपतो.

हे अंगवळणी पडलं की गुरुत्वमध्य हवेतच तपासा. सरळ उडत असताना विमान उलटं करा आणि एलिव्हेटर मधे सोडा. नाक झपकन खाली गेलं तर विमान नाकाकडे जड आहे. बॅटरी दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या आणि पुन्हा बघा. किंचितशा दाबावर उलटं सरळ उडू लागलं की थांबा. त्याहून मागे गेलात तर हॉवर सोपा होतो, पण सरळ उड्डाणात एलिव्हेटर फार तीव्र होतो. उलटं सोडल्यावर विमान आकाशाकडे चढू लागलं तर लगेच उतरवा आणि बॅटरी पुढे घ्या. जागा सापडली की धडावर मार्करने खूण करा, म्हणजे प्रत्येक बॅटरी तिथेच बसेल.